‘चालकाचा ताबा सुटला’ याच्या पुढे तपास कधी जाणार?

सीमाभागातील कोणतेही दैनिक उघडा, अपघाताची बातमी एका ठरलेल्या वाक्यावर येते: ‘चालकाचा ताबा सुटल्याने’. पोलिसांच्या फिर्यादीची गतही तीच. ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने चालवून’ हे शब्द इतके पाठ झालेले असतात की फक्त गाडीचा नंबर आणि तारीख बदलायची बाकी राहते. पलीकडच्या ठाण्यात फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते, अर्थ मात्र हाच. चालकावर गुन्हा दाखल होतो, मृतदेह नातेवाइकांच्या ताब्यात दिला जातो, तासाभरात वाहतूक सुरळीत होते. आणि महिन्याभराने त्याच वळणावर दुसरी गाडी पडलेली असते.

ताबा का सुटला, हा प्रश्न मधल्या मध्ये राहून जातो. अपघातांचा अभ्यास करणारे जगभरचे संशोधक गेली साठ वर्षे नेमका हाच प्रश्न विचारत आहेत आणि त्याची बरीच उत्तरे त्यांना सापडलीही आहेत. ती उत्तरे आपल्या तालुक्याच्या रस्त्यापर्यंत का पोचत नाहीत, हा आजचा विषय.

आधी आकडे पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२३ मध्ये देशात ४,८०,५८३ अपघात झाले आणि त्यांत १,७२,८९० माणसे गेली. म्हणजे रोज सरासरी ४७४, तासाला जवळजवळ वीस. राष्ट्रीय महामार्ग हे देशातील एकूण रस्त्यांच्या जेमतेम दोन टक्के, पण २०२२ मध्ये रस्त्यावर मेलेल्या दर शंभरांपैकी ३६ जण याच महामार्गांवर गेले. मृतांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा, सुमारे ४४ टक्के. त्यामागोमाग पायी चालणारे. ज्याच्या अंगाभोवती पत्रा नाही, तोच जास्त मरतो.

‘अतिवेग’ नावाचा सोयीचा रकाना

याच अहवालात अपघातांची कारणेही दिलेली असतात. २०२२ च्या मृत्यूंपैकी ७१ टक्के ‘अतिवेग’ या एकाच रकान्यात पडले. आता विचार करा, हा वेग मोजला कोणी? बहुतेक ठिकाणी कॅमेरा नाही. पोलिस पोचतात तेव्हा गाड्या बाजूला ओढलेल्या असतात, रस्त्यावरच्या टायरच्या खुणांवरून शंभर गाड्या जाऊन आलेल्या असतात. साक्षीदार म्हणतो, ‘लई जोरात होता साहेब’, आणि रकाना भरतो.

शास्त्रीय तपास वेगळ्या पद्धतीने होतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१२ पासून जेपी रिसर्च या संस्थेच्या पथकांनी पोलिसांच्या सहकार्याने असा तपास केला. अपघाताची खबर येताच पथक जागेवर जायचे, टायरच्या खुणा टेपने मोजायचे, गाडीचा पत्रा किती आणि कुठून चेपला ते बघायचे, जखमींच्या जखमा कशाला आपटून झाल्या याची डॉक्टरांच्या कागदांशी सांगड घालायचे. अशा तपासातून एका अपघातामागे एक कारण क्वचितच निघते. डुलकी लागलेला चालक, साईडपट्टीवर उभा केलेला बिनदिव्यांचा ट्रक, आणि पट्टा न लावलेला प्रवासी अशी तीन कारणे एकाच मृत्यूत सापडतात. त्यांतले एक जरी वेळेत काढले असते तरी माणूस वाचला असता, हे त्यातून कळते. फिर्यादीत मात्र तिघांपैकी फक्त चालक उरतो.

वेग महत्त्वाचा नाही, असे कोणी समजू नये. उलट वेगाबद्दल संशोधन फार स्पष्ट आहे. स्वीडनच्या योरान निल्सन यांनी मांडलेले आणि पुढे अनेक देशांत तपासले गेलेले सूत्र सांगते की एखाद्या रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्का वाढला, तर जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे चार टक्के वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे ताशी ५० किलोमीटरऐवजी ६५ ने आलेली मोटार पादचाऱ्याला धडकली, तर त्याच्या मरणाची शक्यता साडेचार पट होते. प्रश्न एवढाच की चालक वेग ठरवतो कशावरून? फलकावरचा आकडा वाचून नव्हे, समोरचा रस्ता बघून. गावातून सरळसोट चौपदरी रस्ता काढायचा, त्याच्या कडेला शाळा आणि बाजार ठेवायचा, आणि ‘वेग मर्यादा ४०’ अशी पाटी लावून मोकळे व्हायचे. त्या रस्त्यावर गाड्या ८० ने जाणार हे आराखडा काढतानाच ठरलेले असते.

नऊ खान्यांचा तक्ता

१९६६ मध्ये अमेरिकेने महामार्ग सुरक्षेसाठी नवी सरकारी यंत्रणा उभी केली, तेव्हा तिच्या प्रमुखपदी विल्यम हॅडन हे डॉक्टर आले. साथीच्या रोगाकडे जसे बघतात तसे त्यांनी अपघाताकडे बघितले. मलेरिया झाला म्हणून आपण रोग्याला दोष देत बसत नाही, डबके बुजवतो. हॅडन यांनी साधा तक्ता केला. उभ्या बाजूला तीन काळ: अपघाताआधी, अपघाताच्या क्षणी, अपघातानंतर. आडव्या बाजूला तीन घटक: माणूस, गाडी, परिसर. असे नऊ खाने. आपली फिर्याद यातला फक्त पहिला खाना भरते: अपघाताआधीचा माणूस.

ठाऊक असलेले एक उदाहरण घेऊ. ४ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदाबादकडून मुंबईला येताना पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर मोटार आदळून उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. वडोदरा, सुरत, वापीच्या मराठी माणसांचा हा नेहमीचा रस्ता. गाडीत चौघे होते. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. गाडी तीच, धडक तीच. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, हे तपासात पुढे आले. त्याचबरोबर तीन पदरांचा रस्ता पुलापाशी दोन पदरांवर येतो आणि कठडा धावत्या गाडीच्या वाटेत येतो, याचीही चर्चा झाली. म्हणजे चालकाखेरीज पट्टा हा एक खाना आणि पुलाची रचना हा दुसरा. पट्ट्याची मोहीम महिनाभर चालली. पुलापाशी अरुंद होणारे किती रस्ते आपल्या जिल्ह्यात आहेत, याची यादी कोणी केली का?

आता गरिबाचा अपघात बघा. जानेवारी २०२३ मध्ये सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराकडे निघालेल्या भाविकांची मालवाहू गाडी रामदुर्ग तालुक्यात चुंचनूरजवळ रस्त्याकडेच्या वडाच्या झाडावर आदळली आणि सहा जण गेले. इथेही चालकाचा ताबा सुटलाच. पण बाकीचे आठ खाने भरून बघा. माल न्यायच्या गाडीत माणसे का बसली? यात्रेच्या दिवसांत रात्री त्या रस्त्यावर किती एसट्या, किती सरकारी बसेस होत्या? हौद्यात धरायला काय होते? रस्त्याला चिकटून असलेल्या झाडाच्या बुंध्याला चमकणारा पट्टा होता का, आडवे लोखंडी कठडे होते का? रुग्णवाहिका कुठून आली, किती वेळात? कोल्हापूर, सांगली, बेळगावचे हजारो लोक दरवर्षी यल्लम्माला जातात. हे प्रश्न सुटले तर पुढच्या यात्रेला उपयोग आहे. चालकाला शिक्षा झाली तरी पुढच्या पौर्णिमेला दुसरा चालक तसाच हौदा भरून निघणार.

एकेरी रस्ता, समोरासमोर धडक

रस्त्याची रचना माणसे कशी मारते याचे आपल्या भागातले सर्वांत कडू उदाहरण म्हणजे हुबळी–धारवाड बायपास. पुण्याहून बेंगळुरूकडे जाणारा महामार्ग अलीकडे चौपदरी, पलीकडे चौपदरी, आणि मधला सुमारे तीस किलोमीटरचा बायपास वर्षानुवर्षे दोन पदरी, बिनदुभाजकाचा. चौपदरीवर शंभरची सवय लागलेला चालक त्याच वेगाने या तुकड्यात शिरतो आणि समोरून त्याच वेगाने दुसरा येत असतो. १५ जानेवारी २०२१ रोजी इटिगट्टीजवळ गोव्याला निघालेल्या दावणगेरेच्या मैत्रिणींची टेम्पो ट्रॅव्हलर समोरच्या टिप्परला धडकली आणि दहाहून अधिक जीव गेले. त्यानंतर आंदोलने झाली, वरपर्यंत दखल घेतली गेली, रुंदीकरणाचे काम मार्गी लागले. पण धोका कळायला तो दिवस उजाडायची गरज नव्हती. मधला तुकडा अरुंद आहे, हे नकाशावर बोट ठेवून शाळकरी पोरानेही सांगितले असते.

हैदराबादच्या मराठी वाचकांना ३ नोव्हेंबर २०२५ ची सकाळ आठवत असेल. हैदराबाद–विजापूर रस्त्यावर चेवेल्लाजवळ तांडूरहून येणाऱ्या सरकारी बसवर खडीने भरलेला टिप्पर आदळला, खडी प्रवाशांवर कोसळली, १९ जण गेले. रस्ता तोच: दोन पदरी, दुभाजक नाही, वाहतूक दुप्पट-तिप्पट वाढलेली. रुंदीकरण कडेच्या जुन्या वडांच्या वादात अनेक वर्षे अडकलेले.

इथे आपल्यासमोर दोनच पर्याय ठेवले जातात. एकतर चौपदरी करा, नाहीतर आहे तसे चालू द्या. भूसंपादन, झाडे, निधी यांत दहा वर्षे जातात. स्वीडनने मधला मार्ग काढला. त्यांनी रुंद दोन पदरी रस्त्यांवर तीन पदर आखले आणि मधोमध पोलादी दोरांचा दुभाजक टाकला. थोडे अंतर एका दिशेला दोन पदर, मग पुढे दुसऱ्या दिशेला. ओव्हरटेक करायची संधी दोघांनाही मिळते, पण समोरच्याच्या अंगावर जाता येत नाही. अशा रस्त्यांवरचे मृत्यू तिथे सुमारे तीन चतुर्थांशाने घटले. रस्त्यावर कोणी मरता कामा नये हे धोरण स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये स्वीकारले. त्या वर्षी तिथे ५४१ माणसे रस्त्यावर गेली होती. २०२३ मध्ये २२९. त्यांचे चालक काही संत नाहीत. माणूस चुकणारच, पण चुकीची शिक्षा मरण असू नये, असे धरून त्यांनी रस्ते बांधले.

आपल्याकडे जमत नाही असेही नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ जणांचा बळी गेला. त्याच वर्षी सेव्ह लाइफ फाउंडेशन, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांनी मिळून काम सुरू केले. उघड्या काँक्रीटच्या कडांपुढे लोखंडी कठडे लावणे, कडेला उभे राहणारे ट्रक हटवणे, रुग्णवाहिका जवळ ठेवणे, असली साधी कामे. पुढच्या काही वर्षांत आकडा शंभराच्या खाली उतरला.

घाटउताराचे गणितही असेच आहे. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार, निपाणीजवळचा तवंदी घाट, इंदूरहून महाराष्ट्राकडे येताना धार जिल्ह्यातला गणपती घाट: तिन्ही ठिकाणची बातमी एकच, ‘ब्रेक निकामी झाल्याने’. ब्रेक आपोआप निकामी होत नाहीत. लांब उतारावर डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलवर टाकला की इंजिनाची अडवणूक संपते, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि धरायचे सोडतात. चालकाची चूक आहेच. पण उतार सुरू होण्याआधी जड गाड्यांना सक्तीचा थांबा, लहान गिअरची सूचना, वेगावर कॅमेरा आणि सुटलेला ट्रक रुतून थांबेल अशी खडी-वाळूची बाजूची पट्टी, हे उपाय जगात जुने झाले आहेत. गणपती घाटात शेवटी पर्यायी रस्ता काढावा लागला. खंबाटकीच्या बोगद्यानंतरच्या एस आकाराच्या वळणासाठी नवा बोगदा खोदावा लागला. अनेक बळी गेल्यावर का होईना, दोष वळणात होता हे सरकारने मान्य केले, असाच त्याचा अर्थ.

उसाची ट्रॉली आणि पन्नास मीटर

आता खास आपल्या भागाचा विषय. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, विजापूर, बागलकोट या पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की रात्रीचे रस्ते बदलतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या पाचटाखाली झाकलेला. पंक्चर झाली की तिथेच उभी, भोवती दगड रचलेले. ट्रॉली सकाळी जाते, दगड तिथेच राहतात.

दुचाकीवाला मागून येऊन धडकला की बातमी ‘भरधाव दुचाकी ट्रॉलीवर आदळली’ अशी होते. हिशोब करून बघू. ताशी ६० ने जाणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून अधिक अंतर कापते. समोर काहीतरी आहे हे कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर २५ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी थांबायला आणखी सुमारे २३ मीटर. एकूण ४८. तोच वेग ८० असेल तर एकूण अंतर ७५ मीटरच्या आसपास जाते. ४० असेल तर २७ मीटरमध्ये गाडी थांबते. समोरून गाडी येत असताना डिपरवर चालवणाऱ्याला मळकट, बिनदिव्याची ट्रॉली चाळीस-पन्नास मीटरच्या अलीकडे दिसतच नाही. म्हणजे साठ हा वेग दिवसा साधा आहे, पण रात्री ट्रॉलीमागे तोच जीवघेणा आहे. आणि चमकणारी पट्टी दोनशे मीटरवरून दिसली असती, तर ऐंशीवालाही वाचला असता. ही पट्टी काही शे रुपयांत येते.

मग हे होत का नाही? आरटीओ आणि पोलिस दरवर्षी रिफ्लेक्टर वाटपाचा कार्यक्रम घेतात, फोटो येतो, संपले. रस्त्यावर हजारो ट्रॉल्यांमागे धावणे पोलिसांना शक्य नाही, शिवाय ऊस सीमेच्या दोन्ही बाजूंनी जातो: कर्नाटकातला महाराष्ट्रातल्या कारखान्याला, तिकडचा इकडे. पण प्रत्येक ट्रॉली एका ठिकाणी यावीच लागते, कारखान्याच्या वजनकाट्यावर. मागे दिवा आणि पट्टी नसेल तर काट्यावर घ्यायचे नाही, एवढा एक नियम दोन्ही राज्यांतल्या कारखान्यांनी पाळला तर पोलिसांची गरजच उरणार नाही. तोडणी-वाहतुकीचा करार कारखाना करतो, उचल कारखाना देतो, तर पट्टीची अटही कारखान्यानेच घालावी.

रातोरात उभा राहणारा गतिरोधक

गावाजवळ पोर गेले की रास्ता रोको होतो. अधिकारी येतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर डांबराचा एक उंचवटा. लोकांचा राग शांत होतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे ताशी २५ च्या वेगासाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच हवा, त्यावर पांढरे पट्टे हवेत, ४० मीटर आधी फलक हवा. आपल्याकडचा हातभर रुंद आणि वीतभर उंच. रात्री पट्टे दिसत नाहीत. मग मागे एका बाजूला पाय टाकून बसलेली, पदर सावरणारी बाई उडून पडते, डोक्याला मार लागतो. अपघात टाळायला केलेली गोष्टच अपघाताचे कारण होते.

बरोबर बांधलेला गतिरोधक उपयोगी असतो, हेही संशोधनच सांगते. गावाच्या वेशीवर रस्ता थोडा अरुंद करणे, शाळेसमोर उंच पादचारी पट्टा करणे याने वेग खरोखर कमी होतो. तेव्हा रास्ता रोकोत मागणी ‘गतिरोधक करा’ एवढीच नको. ‘निकषाप्रमाणे करा, पट्टे आणि फलकासह करा’ अशी हवी.

हेल्मेटबद्दल फार लिहायची गरज नाही. कोल्हापूर-पुण्यात त्याला विरोध करणे ही एक जुनी हौस आहे. अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दिसले की हेल्मेटने मृत्यूचा धोका ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण गेले. सीमा ओलांडताना दंडाच्या भीतीने हेल्मेट चढवायचे आणि अलीकडे आलो की आरशाला अडकवायचे, यात फसवणूक कोणाची होते ते ज्याचे त्याने बघावे.

अपघात एका राज्यात, मृत्यू दुसऱ्या राज्यात

सीमाभागाचा स्वतःचा एक प्रश्न आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. रायबाग, अथणी, चिकोडीचा जखमी मिरजेला जातो. निपाणीचा कोल्हापूरला सीपीआरमध्ये. दोडामार्ग, सावंतवाडीचा बांबोळीला. हे वर्षानुवर्षांचे वळण आहे आणि जवळचे चांगले रुग्णालय गाठणे हेच शहाणपण. पण सरकारी व्याख्येप्रमाणे अपघातानंतर तीस दिवसांच्या आत माणूस गेला तर तो अपघाती मृत्यू मोजला जातो. अथणीजवळ जखमी झालेला माणूस बाराव्या दिवशी मिरजेत गेला, तर मिरजेच्या पोलिसांचे कागद कर्नाटकातल्या ठाण्यात पोचले पाहिजेत. भाषा वेगळी, राज्य वेगळे. कागद वाटेत राहिला, तर तिकडच्या नोंदीत तो माणूस ‘गंभीर जखमी’च राहण्याचा धोका आहे.

मृत्यू मोजणीतून निसटतात ही शंका नवी नाही. २०१६ साठी सरकारी आकडा १,५०,७८५ होता, तर जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज २,९९,०९१. एवढी तफावत का, यावर वाद आहे. पण जिथे रुग्णवाहिका रोज राज्याची हद्द ओलांडतात, तिथे नोंदीची काळजी जास्त घ्यायला हवी.

याचा थेट परिणाम रस्त्यावर होतो. राष्ट्रीय महामार्गावर सुमारे पाचशे मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, तर तो तुकडा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो आणि दुरुस्तीसाठी पैसा मिळतो. कोगनोळीसारख्या हद्दीवरच्या भागात तीन अपघात एका राज्याच्या ठाण्यात आणि दोन दुसऱ्याच्या ठाण्यात नोंदले गेले आणि दोन्ही याद्या कोणी शेजारी ठेवल्या नाहीत, तर तो तुकडा कोणाच्याच यादीत येणार नाही.

उपाय आहे, आणि तो सरकारनेच केला आहे. आयआयटी मद्रास आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेली अपघात नोंदणीची संगणकीय प्रणाली आधी ‘आयरॅड’ आणि आता ‘ई-डार’ या नावाने चालते. पोलिस जागेवरून मोबाइलवर माहिती आणि फोटो भरतात, मग आरटीओ, रस्ते खाते आणि रुग्णालय आपापला भाग भरतात. ती पहिल्यांदा ज्या सहा राज्यांत सुरू झाली, त्यांत कर्नाटक, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश तिन्ही होती. म्हणजे दोन्ही बाजूंचे आकडे एकाच ठिकाणी आहेत. ते सीमेच्या दोन जिल्ह्यांनी एकत्र बसून बघायला कोणाची हरकत असावी? सीमावादाचा निकाल लागेल तेव्हा लागेल, अपघाताच्या याद्या जुळवायला कोर्टाची वाट बघावी लागत नाही.

मग चालक सुटला का?

असे लिहिले की एक प्रश्न हमखास येतो: दारू पिऊन चालवणाऱ्याला सोडायचे का? अजिबात नाही. गुन्हा दाखल व्हावा, परवाना जावा, शिक्षा व्हावी. म्हणणे एवढेच की गुन्हा दाखल झाला म्हणजे तपास संपला असे होऊ नये. कायदाही आता तेवढ्यावर थांबत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याच्या रचनेत, बांधकामात किंवा देखभालीत ठरलेले निकष न पाळल्यामुळे कोणी मेले किंवा अपंग झाले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम छोटी आहे. पण कठडा नव्हता, वळणाचा फलक नव्हता, खड्डा सहा महिने तसाच होता, याची नोंद पंचनाम्यात आली तरच हे कलम वापरता येते. पंचनाम्याला पंच म्हणून गावचेच लोक असतात. त्यांनी सही करण्याआधी तेवढे लिहून घ्यायला सांगावे.

नातेवाइकांनी दोन गोष्टी माहीत करून घ्याव्यात. भरपाईचा दावा अपघात झाला तिथेच करावा लागतो, असे नाही. कलम १६६ प्रमाणे दावेदार राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही तो दाखल करता येतो. धारवाडजवळ अपघात झाला म्हणून गडहिंग्लजच्या विधवेने दर तारखेला धारवाड गाठायची गरज नाही. मात्र याच कलमात सहा महिन्यांची मुदत आली आहे, तेव्हा दिवसकार्य उरकल्यावर वकिलाकडे जायला उशीर नको. दुसरे म्हणजे, मे २०२५ पासून केंद्राची विनारोख उपचार योजना लागू आहे: नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत. जखमीला उचलून नेणाऱ्याला पोलिस त्याच्या मर्जीविरुद्ध साक्षीदार करू शकत नाहीत, कलम १३४-अ त्याला संरक्षण देते. अपघातानंतरचा पहिला तास बघ्यांच्या गर्दीत जातो. त्यातले दोघे जरी पुढे झाले तरी हॅडन यांच्या तक्त्यातला शेवटचा खाना भरतो.

प्रत्येक जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती असते, तिच्या बैठका होतात. आपल्या भागातल्या समित्यांकडे मागायच्या गोष्टी फार नाहीत. दोन राज्यांतल्या शेजारी जिल्ह्यांनी वर्षातून दोनदा अपघातांच्या याद्या एकत्र मांडाव्यात. प्रत्येक जीवघेण्या अपघातानंतर पोलिसांबरोबर रस्ते खात्याचा अभियंता जागेवर जावा आणि रस्त्यात काय दोष होता ते त्याने सहीनिशी लिहावे. चारपदरी रस्ता जिथे दोनपदरी होतो, पूल जिथे अरुंद आहे, उतार जिथे लांब आहे, त्या जागांची यादी कोणी मरायची वाट न बघता करावी.

आणि ट्रॉलीचे काम तर समितीशिवायही होण्यासारखे आहे. दरवर्षी गळीत हंगामाआधी कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपनाचा कार्यक्रम होतो. चेअरमन, संचालक, आमदार, खासदार एका मांडवात असतात, समोर ऊस उत्पादक आणि वाहतूकदार बसलेले असतात. निर्णय घेणारे आणि पाळणारे असे एका जागी पुन्हा वर्षभर सापडत नाहीत. ‘पट्टी आणि मागचा दिवा नसेल तर काट्यावर घेणार नाही’ हे त्याच माईकवरून जाहीर करावे, आणि पहिल्या दिवशी पहिली तशी ट्रॉली परत पाठवावी.